झोपलेल्याला उठवण्याचा नियम

...झोपला होता हो! अहो, दुपारी सव्वातीन वाजता, भर ऑफिसात, खिडकीशेजारच्या त्या टेबलावर, फायलींची उशी करून, तोंड उघडं टाकून... मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय! आणि आता जो तो मलाच विचारतो, 'ते राहू द्या, तुम्ही सातच दिवस का लिहिलेत?' म्हणजे झोपला तो, आणि सापडलो मी!

तुम्हाला सांगतो, हा निवांत... आम्ही त्याला निवांतच म्हणतो, खरं नाव हजेरीपटालाच ठाऊक... हा आणि मी एकाच दिवशी नोकरीला लागलो. पण रजिस्टरवर सही याने पाच मिनिटं आधी केली, कारण माझ्या पेनातली शाई संपली आणि मी पेन मागायला गेलो. कोणाकडे? याच्याकडेच! म्हणाला, 'थांब, माझी सही होऊ दे, मग देतो.' झालं! एकवीस वर्षं हा सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझ्या वर. खिडकी याला, मला जिन्याखालचा कोपरा. पंखा याच्या डोक्यावर, मला त्याचा नुसता आवाज. जळतो का मी त्याच्यावर? जळतो! उघड सांगतो, त्यात लपवायचं काय? पण झोपला होता ना?

त्यात हेडक्लार्क निवृत्त झाले. जागा एक, आम्ही दोघं, आणि बढतीची बैठक दहा दिवसांवर! साहेब म्हणाले, 'झोपण्याबद्दल नोटीस काढा.' नोटीस लिहायची कोणी? मीच! काय अक्षर काढलं होतं हो त्या दिवशी! फक्त खुलाशाला नियमाप्रमाणे पंधरा दिवस द्यायचे, ते मी दिले सात. आता पंधरा दिले असते तर बैठक निघून गेली नसती का? तुम्हीच सांगा! साहेबांनी न वाचता सही केली, आठव्या दिवशी चौकशी, नवव्या दिवशी दोष सिद्ध, शिक्षा म्हणून त्याची ज्येष्ठता गेली, दहाव्या दिवशी हेडक्लार्क मी!

चार महिने... फक्त चार महिने बसलो हो त्या खुर्चीत. हा पठ्ठ्या गेला कोर्टात.

मीही गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून, हा कुठे झोपला, डोकं कुठल्या दिशेला होतं, सगळा नकाशा काढून. न्यायाधीशांनी नकाशा उघडलासुद्धा नाही! म्हणाले, 'हा झोपला की नाही, ते ठरवायला आम्ही बसलेलो नाही. तो तुमच्या खात्याचा प्रश्न. शिक्षा देण्याआधी त्याला नियमाप्रमाणे विचारलंत का, एवढंच आम्ही बघतो.'

मी उठलोच! 'अहो साहेब, पण घोरत होता!' आमच्या वकिलांनी शर्टाला धरून मला खाली बसवलं. वळून बघतो तर काय... मागच्या बाकावर निवांत, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं! मी परत उठलो. 'साहेब, हा बघा, आत्तासुद्धा झोपलाय!'

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. 'आत्ताची नोटीस दिलीत का?'

सगळं कोर्ट हसलं. तो हसण्याच्या आवाजाने जागा झाला आणि त्याला कळलं की आपण जिंकलो! झोपेत जिंकला हो माणूस! शिक्षा रद्द, ज्येष्ठता परत, आणि ज्येष्ठ म्हणून हेडक्लार्क कोण? तोच! मी पुन्हा जिन्याखाली.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणते, 'अहो, त्यांना झोप लागते नि तुम्हाला लागत नाही, यात त्यांचा काय दोष?' आता हिलाही तोच बरा वाटायला लागला!

आणि काल... काल टेबलावर पाकीट. नोटीस. मला! 'चुकीची मुदत लिहून कार्यालयास कोर्टात तोंडघशी पाडल्याबद्दल.' लिहिली कोणी? नव्या हेडक्लार्कनी! मी पाच वेळा वाचली, उजेडात धरून वाचली, कुठे चूक सापडते का बघायला. मुदत पंधरा दिवस. सही योग्य अधिकाऱ्याची. आरोप सुटे सुटे, पुरावे सोबत जोडलेले. तशीच घेऊन आमच्या वकिलांकडे धावलो. म्हटलं, 'अहो, मी ऑफिसच्या भल्यासाठीच...' ते म्हणाले, 'तो प्रश्न कोर्टात येतच नाही. नोटीस मात्र सुंदर आहे हो! कोणी लिहिली?'

निवांतकडे गेलो. म्हटलं, 'अरे, एकाच दिवशी लागलो आपण नोकरीला...' तो म्हणाला, 'घाई नको करूस. चांगले पंधरा दिवस आहेत. शांतपणे लिही.' आणि मला लिहायला स्वतःचं पेन दिलं, टेबलावर डोकं टेकलं, आणि लागला घोरायला! सव्वातीनच वाजले होते.

मी तिथेच उभा. हातात त्याचं पेन. उठवायला हात पुढे केला... आणि मागे घेतला. काय सांगावं, त्यालाही काही नियम असेल.