चन्नवीरचा माग

धोंडीराम : माग बंद कर की, चन्नवीर! बँड तुझ्या अंगणात उभा हाय. मुंबईची पिच्चरवाली कॅमेरा लावून खोळंबल्यात.

चन्नवीर : खोळंबू दे. माझी चादर अर्धी हाय.

धोंडीराम : आरं, आपल्या बँडची सगळी कहाणी पडद्यावर येनार! पहिल्यांदा जितं वाजवलं, तितनंच सुरुवात पायजे म्हनत्यात. म्हनून तर तुझ्या दारात आनलं.

चन्नवीर : आपल्या? 'सोन्नलगी बीट्स' नाव कुनी ठिवलं? पहिली गिटार कुनाची? आन् आता माझ्या जागी मधोमध मानसिंग, बेलबॉटम घालून.

धोंडीराम : तुझे आप्पा गेले, तू माग धरलास. आमी काय गिटारीबिगर वाजवायचं व्हतं?

चन्नवीर : तसं न्हाय. त्यो वाजवतो ते लोकास्नी आवडतं, त्येच सोसवत न्हाय. खरं सांगतो, धोंड्या. रेडिओवर त्येचं नाव आलं की मी रेडिओच बंद करतो.

दानम्मा : अय्य, परवा पेपरात मानसिंगभाऊजींचा फोटो आला, तर ह्यांनी मुद्दाम त्यातच शेंगाचटणी बांधून घेतली. तेल पार तोंडावर उतरलं बघा त्यांच्या.

चन्नवीर : तू आत जा.

दानम्मा : जाते. आधी माग बंद करा. दारात आलेल्या मानसांम्होरं शोभा नको.

(माग थांबतो. अंगणात गाणं सुरू होतं, अडखळतं. पुन्हा सुरू होतं, पुन्हा अडखळतं. धोंडीराम घाम पुसत आत येतो.)

चन्नवीर : काय झालं? मानसिंगची बोटं आखडली व्हय?

धोंडीराम : त्येची न्हाय. मलाच ड्रमचा ताल धरवंना. माग चालू कर.

चन्नवीर : आता बंद कर म्हनलास की!

धोंडीराम : हे गानं आपन हितंच बसवलं. आप्पा माग कुटं थांबवू देत व्हते? मागाचा धोटा इकडनं तिकडं पळायचा, त्येच्या खटक्यावर मी ठोका टाकायला शिकलो. दुसऱ्या गावात मनात धरून वाजवतो, पर हितं उभा राहिलो की कान त्येचीच वाट बघतोय.

चन्नवीर : मानसिंगला ठावं हाय, तू आलास ते?

धोंडीराम : त्येनंच धाडलं.

चन्नवीर : पिच्चरमदी माग दिसंल?

धोंडीराम : न्हाय. आवाज तेवढा येईल.

चन्नवीर : आन् मी?

धोंडीराम : खोटं कशाला बोलू? तुझं त्यांनी इचारलंच न्हाय.

दानम्मा : लावा हो. टॉकीजात सगळी मानसिंगभाऊजींना बघतील. मी डोळे मिटून ऐकीन.

चन्नवीर : लावतो. पर धोंड्या, त्याला जाऊन सांग. गानं संपवायचं त्येच्या हातात न्हाय. मी माग थांबवीन, तवा संपंल.