पेवात आधी कंदील

— लिहा की, लिहा, माझं काय जातं! पाणी — दहापैकी तीन. बरोबर, चैताला विहिरीत बादली बुडत नाय, तळाला खरडा वाजतो. रस्ता — चार. दवाखाना — दोन? दोन कशाला देता भाऊ, दवाखाना देवगाव रंगारीला, अन् तिथवर न्यायला गाडी पाहिजे, एक टाका. सकाळपासून बघू राह्यले मी — वही काढून अख्ख्या कन्नड तालुक्याला मार्क देत सुटलात, जशी काय गावं तुमच्यापुढं परीक्षेलाच बसलीत. उद्या जग बंद पडलं तर कुठल्या गावात माणूस कुणाच्या दारात न जाता जगंल — हेच शोधायलात ना? शी! कुणाच्या दारात न जाता! अन् मेल्यावर? चार खांदे काय दुकानातून आणणार? बसा, बसा. तुम्हाला घ्यायचा त्या बंगल्याची चावी माझ्याजवळ आहे, बंगला काय पळून नाय चालला. आधी ह्या घुगऱ्या खा. नको कसं? दिलेली वाटी नाय म्हणू नये.

हां, तर तो बंगला. लॉकडाऊन उठला अन् दुसऱ्याच वर्षी अनंतराव आले — कंपनीतले मोठे साहेब, रिटायर झालेले — अन् संगं त्यांची बायको, भानुमतीताई. बाई गरीब, लई गोड. पण साहेबांची? अशीच वही, अशीच मार्कांची खानी! पत्र्यावर सूर्याची वीज, जमिनीत पाण्याची टाकी, दोन शेळ्या, वाफ्यात भाजी, अन् भवती पुरुषभर भिंत — वरून काचा. काचा, भाऊ! आमच्यापासून वाचायला. म्हणायचे, "संकट आलं की सगळ्यात आधी शेजारीच लुटायला येतात." माझ्या तोंडावर म्हणायचे! अन् मी उभी असायची फाटकाशी, हातात पदराखाली झाकलेली वाटी.

आता वाटीचं तुम्हाला सांगते, म्हणजे कळंल. आमच्यात रानातलं पहिलं आलं — ओला हरभरा म्हणा, मेथी म्हणा — की शेजारी वानवळा जातो. अन् शेजारचीनं वाटी रिकामी परत करायची नसती. काय नसलं तर चिमूटभर साखर, मिठाचा खडा टाका, पण रिकामी नाय. मी पहिल्या वर्षी हरभरा नेऊन दिला. घंटाभरानं अनंतराव स्वतः आले — वाटी धुतलेली, पुसलेली, लखलखीत. अन् रिकामी. म्हणले, "साळूबाई, आता पाठवू नका. सवय लागते. आम्हाला कुणावर अवलंबून राहायचं नाही." सुनेसमोर! जावेसमोर! किळस आली मला, खरं सांगते. ती वाटी मी फळीवर उलटी घातली, वर्षभर हात नाय लावला.

तरी बोलत होते हं मी! माझं तोंड काय गप राहतं? अख्खं गाव म्हणतं, साळूबाईचं नाक दुसऱ्याच्या चुलीत. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या म्हशीनं दूध का चोरलं — मला खबर पाहिजेच. तर ह्यांनी पेव खणायला काढलं, तेव्हा मीच सांगितलं — काळ्या रानात खणू नका, पाणी मुरतं, तिकडं पांढरीत खणा. पेव मालूम आहे ना? जमिनीत खड्डा, माणूस बुडंल असा, आत कडब्याचं अस्तर, जवारी भरायची अन् तोंडावर फरशी ठेवून लिंपून घ्यायचं. रझाकारांच्या वेळंला आमच्या आजेसासूनं त्यातच जवारी लपवली — वर शेणाचा ढीग घातला, पोलीस ॲक्शन होईस्तोवर सगळी गल्ली त्यावर जगली. सगळी गल्ली, भाऊ! पेव एकट्याचं नसतंच कधी. अनंतरावांनी ते मोबाईलवर बघून केलं. मोबाईल खणायचं सांगतो, भरायचं सांगतो —

काढायचं कोण सांगणार?

गेल्या वैशाखात त्यांनी तालीम मांडली. सात दिवस फाटकाला आतून कुलूप, बाहेरचं दूध नाय, फोन नाय, घरातलंच खायचं — समजा जग बुडालं. माणसं हसली. चौथ्या दिवशी पेव फोडलं. अन् दाबून ठेवलेल्या जवारीची आत वाफ होती, भाऊ, ती वाफ जीव घेती. फरशी काढल्यावर सगळा दिवस तोंड उघडं टाकायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाय. हे इथलं शेंबडं पोर सांगतं. त्यांना मालूम नव्हतं. नशीब, दुसरं काय! चप्पल काढली, चष्मा काढून फरशीवर ठेवला, शिडी सोडली, घमेलं घेतलं, अन् —

काय? मला कसं मालूम? चष्म्याचं? अहो, सगळ्या गावाला मालूम... भानुमतीताईंनी सांगितलं असंल. नाय, त्या तर आत सैपाकाला होत्या...

काय बघू राह्यले असे? हो, होते मी. माळवदावर कुरडया घालत होते. माळवदावरून सगळं दिसतं, काचांच्या वरून. फरशी काढलेली दिसली. कंदील नाय आणला, तेही दिसलं. चष्मा काढला तेव्हा माझ्या मनात आलं — सांग, साळे, हाक मार. चाळीस पावलं नसतील मधी. अन् मग ती वाटी आली डोळ्यापुढं. म्हणलं, नाय ना लागत आम्ही? बघ मग. मला वाटलं — देवाशपथ सांगते — घाबरंल, खोकत वर येईल, मग येईल माझ्या दाराला विचारायला. एवढंच वाटलं! मी चार कुरडया घातल्या. चारच. वर बघितलं तर शिडी तशीच.

मग बोंबलले मी. लई बोंबलले. फाटकाला आतून कुलूप, पोरं काचांवरून चढली, त्यातल्या फकिराचा तळवा फाटला, दोरी बांधून काढलं त्यांना. उशीर झाला होता. जन्मभर नको तिथं नाक खुपसलं अन् जिथं खुपसायचं — थू!

अन् भानुमतीताईंनी जाताना चावी कुणाकडं ठेवली? माझ्याकडं. म्हणल्या, साळूबाई, तुम्ही तरी ओरडलात, तुमच्याशिवाय इथं भरवसा कुणाचा. दर महिन्याला शहरातल्या शहागंजातून, भावाच्या घरून फोन करतात, माझ्या गुडघ्याचं विचारतात. मी उचलते. काय करू? उचलते अन् बोलते — गावचं सगळं बोलते, तेवढं सोडून.

तुमच्या वहीत शेजाराचं खानं नाय, बघितलं मी. घाला. अन् किती टाकायचे ते मला विचारू नका. बायकोला, आईला आणणार ना इथं? आणा, नका आणू. पण भिंत पाडा आधी.

ही घ्या चावी. बंगला बघायचा तर बघा, पण चावी परत माझ्याकडं आणू नका. शहागंजात नेऊन त्यांच्या हातात द्या, अन् विचारलं तर सांगा — चार कुरडयांचं. मला नाय होत. मी दहादा फोन हातात घेतला.

उठा आता. एसटी येईल. — वाटी? राहू द्या तिथंच. धुऊ नका. धुऊ नका म्हणलं ना! जा.