लघवीच्या गोळ्या आणि सासऱ्यांचं खळं

खळ्यावर भात झोडल्याचा धप्प-धप्प आवाज आठवला की माझे कान अजून गरम होतात. सत्तर सालाच्या आसपास मला लघवीची जळजळ लागली होती. भोरच्या डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या. म्हणाले, "ही गोळी लघवीतनं बाहेर पडते आणि जाताना तिथले जंतू मारते. पण उन्हात जाऊ नका, कातडी भाजेल."

नेमकी आंबवड्याला सासऱ्यांच्या भाताची झोडणी होती. मी आपला आंब्याखाली बसलो.

मेव्हणी ओरडली, "दाजी, काळं पडायचं भ्याव वाटतंय व्हय?"

बाया हसल्या. त्यांच्यापुढं लघवीचं कसं सांगणार? उठलो आणि उन्हात झोडत राहिलो.

दुपार कलताना हातातोंडावर टरारून फोड आले. मेव्हणी किंचाळली, "अगं बया, दाजींना देवी आल्या!" बाया पोरं उचलून पळायला लागल्या.

मी घाबरून ओरडलो, "देवी न्हाईत वो! लघवीच्या गोळ्यांनी झालंय!"

पळणाऱ्या बाया थांबल्या आणि तोंडाला पदर लावून माझ्याकडं बघायला लागल्या. तेव्हा लघवीचं दुखणं म्हणजे माणूस बाहेरख्याली, असंच लोक धरायचे.

"मामा, तसलं काय न्हाई," मी सासऱ्यांना म्हणालो.

सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बाजूला उभ्या असलेल्या आपल्या लेकीकडं, माझ्या बायकोकडं पाहिलं, आणि बांधावरून घराकडं चालू लागले.