काळं पिल्लू की पांढरं

‘तान्हं मूल असलेल्या घरात पॉमेरेनियन आणू नकोस, भुंकून जीव नकोसा करील,’ असं आईने बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. आता एका मांडीवर बाळ आणि दुसऱ्या मांडीवर आमचा पॉम बंडू, अशी मी पेडण्याच्या गुरांच्या दवाखान्यात बसले होते. समोर हळर्ण गावच्या सासू-सुना असलंच पिल्लू न्यावं की नाही, यावर वाद घालत होत्या.

“गो गौरवी, हा कुत्रा की पावडर लावायचा पफ?”

“आई, आम्ही दोघं कामावर. तुम्हाला दिवसभर सोबत नको?”

“सोबतीला टीव्ही आहे.”

“त्याचा आवाज पार नदीपलीकडे जातो!”

“आणि चवथीला ह्याचे केस नैवेद्यात पडले तर?”

“मी रोज विंचरीन.”

“खाईल काय? बांगड्याचं डोकं मी देणार नाही.”

“ते तुम्ही माणसांनाही देत नाही.”

इतक्यात बंडू दाराकडे झेपावून भुंकू लागला.

“बघ, उगाच भुंकतो!”

“उगाच नाही, आई. पोदेर गेला, हॉर्न वाजवत.”

“कुठला पोदेर? तो तर पाव घेऊन यायचा बंद झाला.”

“आपल्याकडे? रोज येतो. दारात थांबून पों-पों करतो नि जातो.”

“अगो! मी म्हटलं, मेला रुसला माझ्यावर.”

“आणि मला वाटलं, तुम्हालाच पाव नकोसे झाले.”

“गौरवी… मला तो हॉर्न ऐकूच आला नाही गो. ह्याला बरा आला.”

“काय, आई?”

“काळं घेऊया की पांढरं?”

“तुम्ही सांगा.”

“पांढरं घे. काळोखात पायात येणार नाही. आणि चल लवकर, उद्या सकाळी पोदेराला गाठायचंय!”

हळर्णला जाणं झालं, तर पांढऱ्या पॉमच्या घरी जरा डोकावून या. काकी दिवसभर एकट्या असतात. हाक मारू नका. नुसते फाटकाशी उभे राहा.