प्रार्थनेचा कंट्रोल ग्रुप

आत नका जाऊ, पास्टर भैया. बसा इथं बाकड्यावर. — हव, जागाच आहे शिशिर, पण उद्या हार्टचं बायपास आहे त्याचं, आराम करू द्या. अन् ते बायबल बॅगेत ठेवा आधी. मी शिशिरची बायको म्हणून नाही, स्टॅटिस्टिक्सची प्रोफेसर म्हणून अडवून राहिली तुम्हाले. — हसू नका. सुरुवात तुम्हीच केली. तुमचं ते प्रवचन — विश्वास एका खिशात अन् विद्या दुसऱ्या खिशात ठेवू नका. मले पटलं. घातलं मी दोन्ही एकाच खिशात. बीएस्सीचा अख्खा वर्ग घेतला — विषम रोल नंबरवाल्यांसाठी रोज सकाळी नावानिशी प्रार्थना, सम नंबरवाले कंट्रोल ग्रुप. म्हणजे काय? म्हणजे त्यांच्यासाठी काही मागायचंच नाही, देवानं आपलं आपलं पाहून घ्यावं. — पाप कसलं त्यात, रिसर्च आहे. ख्रिस्ती प्राध्यापकांच्या शिबिरात पेपर वाचणार होती मी, ग्राफही मनात काढून ठेवला होता, वर वर जाणारा.

अन् निकाल? काय सांगू. प्रार्थनावाले आपटले. गुढियारीचा लोकेश, वर्गात पहिला येणारा पोट्टा, त्याले ऐन परीक्षेत टायफॉइड. मोनाली दोन विषयांत गेली. अन् ज्यांच्यासाठी मी तोंडही उघडलं नाही, ते फर्स्ट क्लास घेऊन पेढे वाटून राहिले. — माहीत आहे हो, एवढ्याशा वर्गावरून काही सिद्ध होत नाही. हेच तर शिकवते मी. एखाद्या पोट्ट्यानं असा निष्कर्ष लिहिला असता, तर लाल पेनानं रेघोट्या मारून परत केला असता मी.

पण शिशिरच्या ऑपरेशनची तारीख लागली, अन् माझी हिंमतच नाही झाली. याचं नाव घेत नाही मी देवासमोर. प्रभूची प्रार्थना म्हणतानाही 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'मधलं 'आमच्या' सोडून 'माझ्या' म्हणते — त्या 'आमच्या'त हा येते ना. काल यानं विचारलं, यामिनी, आजकाल माझ्यासाठी प्रार्थना नाही करत का तू? मी म्हटलं, सलाईन संपलं वाटते, नर्सले बोलावते. काय सांगणार? की तुले मी कंट्रोल ग्रुपमध्ये टाकलं, कारण मले तू वाचायला पाहिजे?

— काय म्हटलं? यानंच फोन केला तुम्हाले? माझ्या मागं? रडत होता?

जा मग. फक्त नाव घेऊ नका, 'एक पेशंट' म्हणा, देवाले समजते. — नाही, थांबा. घ्या नाव. हळू घ्या. अन् यामिनी कुठं आहे म्हणून विचारलं त्यानं, तर सांगा, बाहेर बसून तुझ्यासाठी प्रार्थनाच करून राहिली. — असं पाहू नका माझ्याकडं. एक खोटं बोला माझ्यासाठी, घालेल देव पोटात. जा. दार लोटून घ्या.