भिंत माझी, रांग जगाची

...नाही, पण मी काय म्हणतो, एवढ्या मोठ्या तोक्योत बघायला दुसरं काही उरलंच नाही का हो? तिकडे कामिनारीमोनला, देवळाच्या वेशीला, तो लाल कंदील टांगलाय, खोलीएवढा! त्याच्याखाली उभे राहा, फोटो काढा, कोण नको म्हणतंय? मागे कान्नोनदेवीचं देऊळ आहे. नदीपलीकडे तो मनोरा आहे, बघता बघता मान मोडेल इतका उंच. तेही नको? मग शिबुयाला जा! शिबुयाला काय आहे? रस्ता! सिग्नल सुटतो आणि आम्ही चहूबाजूंनी रस्ता ओलांडतो... आणि आम्ही रस्ता कसा ओलांडतो ते बघायला लोक सातासमुद्रापलीकडून विमानानं येतात! मी जन्मभर रस्ते ओलांडतोय, एकानं कधी टाळी वाजवली नाही. बरं, बघा बाबा, रस्ता बघा, कंदील बघा, पण हे सगळं टाकून माझ्या दारात? भिंत माझी, दार माझं, आणि गर्दी कुणाची? जगाची!

तुम्ही बाहेरगावचे दिसता, तुम्हाला माहीत नसेल. पहिल्यापासून सांगतो. नाहीतरी उभेच आहोत.

तर आमची ही आसाकुसातली गल्ली. गल्ली कसली, बोळ! समोरून छत्री घेतलेला माणूस आला तर एकानं छत्री मिटायची. बोळाच्या तोंडाशी दारूचे गुत्ते, आणि गुत्त्यांतून सुटलेला माणूस घरी निघाला की त्याला बरोब्बर माझ्या भिंतीपाशी आठवण व्हायची. कसली आठवण, ते काय सांगू? पुरुषमाणूस आहात, समजून घ्या. पुढे चार भिंती, मागे चार भिंती, पण नाही, या हिशिनुमाचीच भिंत! सकाळी मी दार सरकवतो तर असा भपकारा, की चपलांच्या दुकानात हयात गेलेल्या माझ्यासारख्या माणसानं नाक धरावं. म्हणजे बघा.

मग मी तेच केलं जे आपल्याकडे सगळे करतात. हार्डवेअरच्या दुकानातून देवळापुढे असते तसली लाल कमान आणली. एवढीशी, वीतभर. ठोकली भिंतीच्या पायाशी. कारण आपला माणूस कितीही प्यायलेला असू दे, आई-बापाला जुमानणार नाही, पोलिसाला जुमानणार नाही, पण लाल कमान दिसली की लटपटत का होईना, नमस्कार करतो आणि पुढच्या भिंतीकडे जातो. आणि झालंही तसंच! आठवडाभर भिंत कोरडी! किनुए, म्हणजे आमची ही, म्हणाली, "अहो, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी डोक्यानं केलंत." मी खूश. तिथंच सावध व्हायला हवं होतं.

एक दिवस खिडकीतून बघतो तर एक लांबलचक गोरा माणूस, पाठीवर बिऱ्हाड, कंदील शोधता शोधता बोळात शिरला असणार... तो माझ्या भिंतीपाशी थबकला. खाली वाकला. आणि गुडघे टेकले की हो त्यानं! जिथं वर्षानुवर्षं... अहो, त्या जागेवर! हात जोडले, डोळे मिटले, वर कपाळ टेकवलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ओरडावं, तर ओरडू काय? "साहेब, उठा, ते देऊळ नाही, ते..." कुठल्या भाषेत सांगू? आणि सांगून आपल्या गावाची अब्रू घालवू?

त्यानं फोटो काढला, खाली लिहिलं 'तोक्योतलं सर्वांत लहान देऊळ', आणि दिला जगाला वाटून! दुसऱ्या दिवशी सहाजण. मग साठ. मग काय विचारता! कुणी फूल ठेवतंय, कुणी गोळी ठेवतंय, कुणी दारूची छोटी बाटली ठेवतंय... दारूची! ज्या दारूपायी कमान लावली, तीच दारू कमानीला! आणि किनुएला विचारतात, मोबाइल तोंडापुढे धरून, "हा देव कसला?" आता बाईमाणूस, काय सांगणार? लाजून लाल झाली, आणि म्हणाली, "हा... हा माणसाला धीर धरायला शिकवतो." झालं! मोबाइलनं ते अशा थाटात भाषांतर केलं की परीक्षेची पोरं यायला लागली, सिगारेट सोडणारे यायला लागले, एक नवरा-बायको आले, त्यांचं पटत नव्हतं. धीराचा देव! आणि ही माझी बायको, रोज सकाळी तिथं झाडून पाणी शिंपडते आणि मला म्हणते, "जाताना पाया पडून जात जा." कुणाच्या? मी लावली की ती कमान! स्क्रू माझा, हातोडी माझी! पण भिंत माझी, दार माझं, आणि देव? देव सगळ्यांचा!

बरं, गर्दी दारातच. दार सरकवावं तर बाहेर माणूस. कचरा टाकायला लेंग्यावर निघालो तर माझाच फोटो! मी गल्लीच्या मंडळाची बैठक बोलवायला लावली. आमचे अध्यक्ष ओतोवासान, निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले ते शाळेतून, गल्लीतून नाही. मी म्हटलं, "रांग पाहिजे! जमिनीवर पिवळी पट्टी मारा, चार भाषांत पाटी लावा, रांगेशिवाय कुणी पुढे यायचं नाही!" ओतोवासान चष्म्यावरून बघत म्हणाले, "हिशिनुमासान, सूचना आपली. तेव्हा अंमलबजावणीही आपणच करावी. शिस्त घरापासून सुरू होते." पट्टी मीच मारली. पाटीही मीच लावली. आणि खाली माझ्या पदरची एक ओळ घातली: 'कुणालाही सवलत नाही.' माझंच अक्षर! हाच तो हात, बघा.

आता ऐका, खरी गंमत आता आहे. म्हणजे तुम्हाला गंमत.

मागच्या महिन्यात आमच्या दुकानाच्या जुन्या मालकीणबाईंना भेटायला गेलो होतो. कडक उन्हाळा. त्यांनी जवाचा गार चहा पुढे केला. आता थोरामोठ्यांच्या घरी कप तसाच ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून मी संपवला. आणि पाहुण्याचा कप रिकामा ठेवणं त्यांना बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी भरला. मी संपवला. त्यांनी भरला. दोघंही चांगल्या वळणाची माणसं! मेलो असतो, पण दोघांपैकी एकही हटला नसता. आणि गुडघे मुडपून बसलेल्या माणसानं मालकीणबाईंना "जरा तुमचं हे कुठं आहे?" असं विचारायचं? छे! म्हटलं, घर काय लांब आहे?

बोळाच्या तोंडाशी आलो तेव्हा पोटात तळं भरलं होतं. आणि बघतो तर रांग. माझ्या दारापासून थेट गुत्त्यापर्यंत! आणि मी काय केलं असेल? सांगा ना, काय केलं असेल? मी जाऊन शेवटी उभा राहिलो! अहो, सवय! रांग दिसली की आपला पाय आपोआप शेवटाकडे वळतो. दोन माणसं पुढे सरकल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला, की हिशिनुमा, हे तुझं घर आहे!

किनुएला फोन लावला. ती माडीच्या खिडकीतून डोकावली. "अहो, तिथं काय उभे आहात? या ना आत!"

"कसा येऊ? रांग आहे!"

"मग मागच्या बाजूनं या."

"मागं शेजाऱ्यांची भिंत आहे! या वयात भिंती चढू?"

"मग सांगा ना त्यांना, माझं घर आहे म्हणून!"

म्हटलं बरोबर आहे. धीर केला, पट्टीबाहेर एक पाऊल टाकलं... आणि समोरून "ख्हं!" ओतोवासान. हातात झारी. कुंड्यांना पाणी घालत होते. पाणी! त्या अवस्थेत मला त्या झारीची धार बघवेना हो! त्यांनी नुसतं झारीचं टोक पाटीकडे वळवलं. 'कुणालाही सवलत नाही.' माझंच अक्षर! घेतलं पाऊल मागे. म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यावं, तर नंबर जाणार, आणि मागे लागलेले चाळीसजण! भिंत माझी, दार माझं, आणि मी? मी शेवटून एकेचाळिसावा!

पुढे चार पोरी, भाड्याचे किमोनो नेसलेल्या. चौघींचा एक फोटो. मग एकेकीचा. मग दोघीदोघींचा. गणितात चार पोरींच्या किती जोड्या होतात हे मला त्या दिवशी कळलं! त्यांच्यापुढे एक दांडगा गडी, कमान बारकी म्हणून चक्क रस्त्यावर पालथा पडून फोटो घेतोय. आणि इकडे मी... एका पायावर. मग दुसऱ्या पायावर. मग पाय जुळवून, मग गुडघे घासून, पोटावर हात दाबून, डोळे मिटून... "धीर दे बाबा, धीर दे!" मला काय माहीत, मागचे बघतायत! म्हातारा, इथलाच, डोळे मिटून काहीतरी पुटपुटतोय, नाचतोय. त्यांना वाटलं, हीच रीत! मागं वळून बघतो तर अख्खी रांग एका पायावरून दुसऱ्या पायावर!

आला एकदाचा माझा नंबर. दार हाताच्या अंतरावर. म्हटलं सटकावं, तर सगळे मोबाइल माझ्यावर रोखलेले, आणि एक पोरगी मोडक्यातोडक्या आपल्या भाषेत म्हणते, "आजोबा, आम्हाला शिकवा ना." आता नाही कसं म्हणायचं? समोर ओतोवासान उभे! देवळात करतात तसा दोनदा वाकलो. त्या अवस्थेत वाकून बघा एकदा! दोन टाळ्या वाजवल्या. एकेक टाळी कुठं जाऊन लागते ते मलाच ठाऊक. पुन्हा एकदा वाकलो... आणि जो सुटलो दारातून! मागं टाळ्यांचा कडकडाट. मी आतून त्यांचे आभार मानले. अगदी सविस्तर.

दुसऱ्या दिवसापासून जो येतो तो नाचतो! एक पाय, दुसरा पाय, पोटावर हात, डोळे बंद, दोन टाळ्या आणि धूम पळत सुटायचं! ओतोवासान आले, वही-पेन्सिल घेऊन. "हिशिनुमासान, ही प्रथा आपल्याकडे एदोच्या काळापासूनची, दोन-तीनशे वर्षांची असावी, नाही का?" म्हटलं, "नाही, परवा दुपारपासूनची." त्यांना ते पटलं नाही. दर रविवारी मी प्रात्यक्षिक द्यावं असं मंडळानं ठरवलंय.

पण आता त्या नाचणाऱ्यांतला खरा कोण आणि भाविक कोण, हे ओळखायचं कसं? किनुए ओळखते. तिनं माझ्याबरोबर उभा जन्म काढलाय, तिला चेहऱ्यावरून कळतं. एक बाई खरंच नाचत होती, तर हिनं दार उघडलं, पायांत घरात घालायच्या चपला दिल्या आणि आणली आत! आता आमचा संडास म्हणजे साधाच हो, सगळ्यांकडे असतो तसा. झाकण आपोआप उघडतं, बसायची जागा कोमट असते, बटण दाबलं की पाणी, बटण दाबलं की वारा, बटण दाबलं की पाखरांचा आवाज. ती बाई बाहेर आली तेव्हा डोळ्यांत पाणी! म्हणाली, "इतकं सुख मला देवळातही मिळालं नाही." आणि गेली ती जगाला सांगत सुटली!

आता लोक कंदिलाला चार तारे देतात. मनोऱ्याला चार. आणि आमच्या संडासाला पाच! कमानीकडे कुणी बघतसुद्धा नाही, नमस्कार करतात तो उरकल्यासारखा आणि थेट आत. मला सांगा, मी ती कमान लावली कशासाठी? पूर्वी लोक माझ्या भिंतीच्या बाहेरून कार्यभाग उरकायचे. आता आतून उरकतात, फोटो काढतात आणि जाताना मला वाकून नमस्कार करतात! आणि मी? मला लागली तर मी काय करायचं? काय करणार, ओतोवासान समोरच आहेत, पाटी माझ्याच अक्षरात आहे... हा असा तुमच्यापुढे उभा आहे मघापासून!

हं, बघा, वाजलं दार. आला बाहेर तो. चला, लागला एकदाचा माझा नं... अहो, तुम्हाला काय झालं? तुम्ही असे एका पायावर... रीत म्हणून नाचताय, की खरंच?

खरंच?

...व्हा पुढे. अहो, व्हा पुढे, लाजू नका, चपला तिथंच आहेत. भिंत माझी, दार माझं, संडास माझा... नंबर तुमचा!