जाळी कोण काढतं

नाही हो साहेब, मला काय माहीत कोण काढतं. मी दिवसभर या मशीनवर मान खाली घालून लोकांच्या पँटी आखूड करत बसलेली — दारावरून मिरवणूक गेली तरी मला पत्ता लागायचा नाही. बसा ना. ते कपडे सरकवा बाजूला. तुम्ही नगरपालिकेचे इंजिनिअर ना — मोठे पाइप टाकत होते तेव्हा पिवळं हेल्मेट घालून उन्हात उभे असायचात, ते तुम्हीच. काम चांगलं केलंत, नाही कोण म्हणतंय? पूर्वी गटार वीतभर, पावसाचं पाणी रमतगमत यायचं, चार ठिकाणी तुंबायचं. आता अख्ख्या शहराचं पाणी एका दमात आमच्या दाराशी. आणि दारासमोर तुमची टाकी, टाकीच्या तोंडाला जाळी — कचरा इथं अडकावा, खाडीत नुसतं पाणी जावं. हवीच होती हो ती. आमचे हे खाडीत खेकड्यांचे पिंजरे लावतात, त्यांच्याइतकी ती कुणाला हवी होती? घरोघरी हिंडून सह्या कुणी गोळा केल्या? ह्यांनीच. पिंजरा वर ओढावा तर आत पिशव्या आणि बाटल्या, चुकून एखादा खेकडा, त्यालाही ऑइलचा वास. जाळी बसली तेव्हा म्हणाले, अगं, किती वर्षांनी आज तळ दिसला. लहान मुलासारखे सांगत होते.

आता काढणारा कोण — गल्लीतली पोरं असतील. नाहीतर ते वरच्या चौकातले गॅरेजवाले. भंगारवाले नाहीत, त्यांनी नेली असती तर पाऊस थांबल्यावर पुन्हा जागेवर कशी दिसली असती? आणि पोरांना तरी कुठली पेलते — ती डावीकडूनच उचलावी लागते, उजवं बिजागर गंजून धरलंय, आधी पहार घालून जरा हलवायची, मग कुठं —

असं काय बघताय?

बरं. मीच काढते. हळू बोला, आत आप्पा आहेत, माझे सासरे. जागेच असतात, सगळं ऐकतात, बोलता तेवढं येत नाही — एक अंग गेलंय, वाचाही गेली. ह्यांना पिंजरे बांधायला त्यांनीच शिकवलं. बघा, डोकावा हवं तर — खोली रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली, पूर्वी निभावून जायचं, आता पाणी आत शिरतं. गेल्या पावसाळ्यात हे खाडीवर, मी कपडे पोचवायला गेलेली. पाऊस लागला, तुमच्या जाळीत सगळ्या शहराच्या पिशव्या येऊन बसल्या आणि पाणी मागं फिरलं. मी धावत आले तर आप्पांची गादी भिजून जड झालेली, पाणी त्यांच्या पाठीला, आणि ते वर छताकडे बघत पडलेले. हाक मारायला आवाज नाही. मला बघून रडले, साहेब. मी त्या माणसाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मग काय करू? खाट विटांवर घेतली, अजून किती वर घेणार? माळ्यावर न्यायचं तर ही उभी शिडी. जाळी खरवडायलाही उभी राहते, खोटं नाही सांगत, पावसात फावडं घेऊन — इकडून काढते तोवर तिकडून पुन्हा भरते. एकटीचा हात किती चालणार. मग काढते. काढली की पाणी सुटतं, पिशव्यांसकट सुटतं, आणि मला माहीत असतं ना, कुठं चाललंय ते.

गाडी? दर पावसाला साफ करायला गाडी येणार, असं तुम्हीच सांगितलं होतं. मंजुरी नाही आली? माणसं नाहीत. हं. तुमच्याही हातात नाही म्हणता, मग आहे तरी कुणाच्या. जाऊ दे, तुमच्यावर कशाला चिडू, तुमचं तोंड बघूनच कळतंय.

तक्रार कुणी केली पण? माझं नाव नका — काय म्हणालात?

ह्यांनी?

मला बोलले नाहीत. रोज जेवताना त्या जाळी काढणाऱ्याच्या नावानं बोटं मोडतात. सापडू दे एकदा, म्हणतात. मी वाढत असते. आमटी घेता का, म्हणते.

नाही, तुम्ही लावा जाळीला कुलूप. त्यासाठीच आलात ना, लावा. मी नको म्हणणार नाही, कोणत्या तोंडानं म्हणू? किल्ली? माझ्याकडे नका ठेवू. माझ्याकडे आली की आभाळ भरलं रे भरलं, मी उघडणार. ह्यांच्याकडे? ह्यांच्याकडे तर मुळीच नको, पाया पडते. आज ते कुणातरी परक्याला शिव्या घालतात आणि दोन घास जेवतात. किल्ली हातात आली की आत बाप आणि तिकडे खाडी, आणि ठरवायचं त्यांनी. ते ठरवणं माझ्यावरच राहू दे.

तुमच्याकडेच ठेवा. पाऊस लागला की याल तुम्ही?

नाही ना.

मग लावा आणि निघा, साहेब. त्यांची यायची वेळ झाली.